वर अडकलेली गाठ

कोंडीराम गमरेच्या अठरा वर्षांच्या गिरणीच्या नोकरीत त्याच्या हातून गेलेला एकही भीम परत आला नाही. हे तो सांगायला लागला की ऐकणाऱ्याने निमूट मान डोलवायची, एवढंच करण्यासारखं असे. भीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला मोठा लोखंडी रूळ. साच्यावर, म्हणजे मागावर, चढण्याआधी त्या सुताला खळ पाजावी लागते, म्हणजे धागा ताठ होतो आणि ओढाताणीत तुटत नाही. हे काम सायझिंग खात्यात चालायचं, आणि तिथली खळ शिजवायचा कोंडीराम.

खळ शिजवणं म्हणजे पतंगाचा कागद चिकटवायला घरी पिठाची पेज ढवळण्यातला प्रकार नव्हे. पाणी उकळत असताना पीठ एकदम आत ढकललं की ते गाठी धरतं. गाठीची खळ सुताच्या अंगात मुरत नाही, वरच्या वर बसून राहते. मग साच्यावर धागा तटातट तुटायला लागतो आणि साचेवाला खळवाल्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत खाली येतो. कोंडीरामच्या पिढ्यांची अशी चौकशी कधी झाली नाही. कोमट पाण्यात पीठ कालवायचं, ढवळत ढवळत हळूहळू ताव वाढवायचा, आणि घाई करणाऱ्या जॉबरकडे, म्हणजे खात्याच्या मुकादमाकडे, अजिबात बघायचं नाही, हे त्याचं शास्त्र. या शास्त्राचा त्याला गर्व होता. तो त्याने कधी लपवलाही नाही.

मग ब्याऐंशीचा संप आला. संप संपला की नाही हे आजही कुणी छातीठोकपणे सांगत नाही, पण कोंडीरामची गिरणी तरी त्याच्यापुरती कायमची बंद झाली. दोन वर्षं त्याने माझगावच्या गोदीत ओझी उचलली, लग्नाच्या मांडवात खुर्च्या लावल्या, आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत बायकोची, चंपाची, नजर चुकवली. चौऱ्याऐंशी साली परळच्या एका कर्करोग संशोधन केंद्रात काचसामान धुवायला बदली कामगार हवा होता, तिथे तो लागला. बदली म्हणजे रोज हजर व्हायचं आणि आज काम मिळेल का म्हणून रोज घाबरायचं. गिरणीत त्याने पहिली चार वर्षं तेच केलं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी ते पुन्हा करायला लागणं हे मात्र त्याला मनातून फार लागलं.

इस्पितळात शिपायांना आणि हमालांना सगळे मामा म्हणतात, तसा तोही आठ दिवसांत कोंडीराममामा झाला. प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. वरच्या मजल्यांवर पेशंट, ऑपरेशनची खोली, तपासणी विभाग. वर कुणाची गाठ काढली की तिचा लहानसा तुकडा बाटलीत घालून खाली यायचा. खाली डॉक्टर शैला वर्तक त्याच्यावर काम करायच्या. माटुंग्याला राहणाऱ्या, बोलायला शुद्ध, स्वभावाने घाईच्या, पण मनाने सरळ. त्यांच्या हाताखाली रामदास नावाचा विद्यार्थी डॉक्टरेट करत होता आणि दिवसेंदिवस वाळत चालला होता.

आपण ज्या बाटल्या धुतो त्यांत काय असतं हे कोंडीरामने पहिल्याच महिन्यात विचारलं. शैला मॅडमना प्रश्न आवडला.

"प्रत्येक पेशीला बाहेरून एक पातळ पापुद्रा असतो," त्या म्हणाल्या. "त्या पापुद्र्यात काही प्रोटीनं रुतून बसलेली असतात. त्यातलं एक प्रोटीन काही गाठींत असतं, काहींत नसतं. ते ओळखता आलं तर गाठ कुठल्या जातीची हे कळेल."

"म्हणजे इथं पण जात हायेच," कोंडीराम म्हणाला.

मॅडम जरा गोंधळल्या, मग हसल्या. ते प्रोटीन हुडकून काढायचं कसं, तर अँटिबॉडीने. सशाला ते प्रोटीन टोचलं की त्याच्या रक्तात ही अँटिबॉडी तयार होते, आणि ती हजार प्रोटीनं सोडून नेमकी आपल्याच प्रोटीनला जाऊन चिकटते. कोंडीरामने याचा आपल्यापुरता अर्थ लावला. गिरणीच्या गेटवर पाचशे बदलीवाले उभे असायचे आणि जॉबर त्या गर्दीतून आपल्याच माणसाचं मनगट धरून त्याला आत ओढायचा. अँटिबॉडी म्हणजे तो जॉबर. हे त्याला इतकं पटलं की त्या दिवसापासून अँटिबॉडीच्या बाटल्या ठेवलेल्या फ्रीजपुढून जाताना तो आपोआप हळू चालायला लागला.

सगळ्या केंद्रात त्या अँटिबॉडीच्या चार चिमुकल्या बाटल्या होत्या. ज्या सशापासून त्या मिळाल्या तो ससा मरून गेला होता. पेशींवर टाकून बघितली तेव्हा ती उत्तम चालली होती, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या कडा हिरव्या चमकल्या होत्या, आणि मॅडमनी सगळ्यांना पेढे दिले होते. नंतर त्या सूक्ष्मदर्शकाचा खास दिवा जळाला. नवा परदेशातून यायचा होता, आणि परदेश कसा लांब असतो हे सरकारी कागदांवरून कळतं.

शहाऐंशीच्या गणपतीच्या सुट्टीत तळमजल्याची केबल जळाली. वरच्या वॉर्डांना जनरेटर होता, खाली सगळं बंद. वॉचमनने जवळ राहणारा माणूस म्हणून कोंडीरामला निरोप धाडला. मॅडमचा फोन लागेना, आणि वरच्या फ्रीजमध्ये बाटल्या ठेवून घ्यायला वॉर्डातलं कुणी तयार होईना. फ्रीजच्या दारातून घाम गळत होता. कोंडीरामने चारही बाटल्या प्लास्टिकमध्ये बांधल्या, एका डब्यात ठेवल्या आणि बर्फ हुडकायला निघाला. सुट्टीत बर्फ असतो कुठे, तर मासळीबाजारात. परळच्या बाजारात गुणवंती कोळीण पाट्यांवरचा बर्फ फोडत बसली होती.

"कनाला पायजे रे तुला बरफ?" तिने विचारलं. "पापलेट घेतलंस काय?"

"दवा हाय, गुणवंतीबाय. कॅन्सरची."

तिने पुढे काही न विचारता कोयत्याने बर्फाचा मोठा तुकडा तोडून दिला. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ कोंडीरामने तिच्याकडून बर्फ आणला, डब्यातलं पाणी काढून नवा भरला. तिसऱ्या दिवशी वीज आली, मॅडम आल्या, त्यांनी त्याचे दोन्ही हात धरून आभार मानले. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती सांगण्यात काही हशील नव्हतं.

सुट्टीनंतर मॅडमनी आणि रामदासने नवी पद्धत सुरू केली. पेशींचा पापुद्रा साबणासारख्या एका द्रव्यात कालवायचा, पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरायचा, आणि मग काचेच्या दोन तावदानांमध्ये थिजवलेल्या जेलच्या वरच्या खाचांमध्ये भरायचा. वीज सोडली की प्रोटीनं खाली सरकतात, हलकी पुढे, जड मागे. मग जेलवरची प्रोटीनं एका पांढऱ्या कागदावर उतरवायची आणि त्यावर अँटिबॉडी ओतायची. जिथे आपलं प्रोटीन असेल तिथे ती चिकटते, आणि शेवटी रंग टाकला की तपकिरी रेघ उमटते.

रेघ उमटेना. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली, कागद पांढरेफटक. रामदासने द्रव्य बदललं, कागद बदलला, केस कापले, गुरुवार धरले. एक बाटली संपली, दुसरी संपली, तिसरी संपत आली. डिसेंबरात विभागाचे मोठे साहेब खाली आले आणि शांतपणे म्हणाले, "अँटिबॉडी मेली आहे. मासळीच्या घाणेरड्या बर्फात दोन दिवस ठेवल्यावर दुसरं काय होणार?"

आठवड्याने कोंडीरामच्या हातात मेमो पडला. तो इंग्रजीत होता. रामदासने खाली मान घालून त्याचा अर्थ सांगितला. मौल्यवान द्रव्य अयोग्य हाताळणीमुळे निकामी केल्याचा ठपका होता. मार्चमध्ये बदलीवाल्यांना कायम करायची यादी निघणार होती. मेमो असलेल्या माणसाचं नाव त्या यादीत जात नाही आणि बदलीच्या हजेरीवरही फार दिवस राहत नाही, हे सांगायची गरजच नव्हती.

"अयोग्य हाताळणी म्हंजे काय रे नेमकं?" कोंडीरामने विचारलं.

"म्हणजे... हात नीट नव्हता, असं."

नोकरी जाईल याची भीती त्याला होतीच. पण त्या रात्री तो भरल्या ताटावरून उठला तो 'हात' या एका शब्दापायी. गिरणी गेली तेव्हा कुणी त्याचा हात वाईट म्हटलं नव्हतं. संपात हजारोंबरोबर तो गेला होता, त्यात त्याचं एकट्याचं काही चुकलं नव्हतं. आता मात्र कागदावर लिहून आलं होतं. आणि शैला मॅडम, ज्यांनी तेच हात धरले होते, त्या गप्प होत्या. त्यांच्याही मनात शंका होती, आणि ती कोंडीरामला दिसत होती.

"बरफ आणला नसतात तर?" चंपाने विचारलं.

"तर विजेचं नाव झालं असतं."

"मग कशाला गेलात मरायला?"

तो दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर गेला आणि मुकाट्याने काचा धुवायला लागला.

काचा धुताना एक गोष्ट त्याच्या नजरेला येत होती. कागदावर उतरवण्याआधी रामदास जेलचा वरचा खाचांचा पट्टा ब्लेडने कापून टाकायचा. तिथे काही नसतं, पुस्तकातही तसंच लिहिलेलं. तो पट्टा कोंडीरामच्या बादलीत यायचा. एखाद्या दिवशी नुसतं बघण्यासाठी जेलला निळा रंग दिलेला असे, तेव्हा त्या पट्ट्यातल्या खाचांच्या तळाशी गडद निळा गोळा बसलेला दिसे. रामदास इतर नमुनेही चालवायचा, साध्या रक्तरसाचे वगैरे. त्यांच्या खाचा स्वच्छ. गोळा फक्त पापुद्र्याच्या नमुन्यांत, आणि प्रत्येक वेळी.

सायझिंग खात्यात सुतावर गाठ सापडली तर तेवढा तुकडा कापून जपून ठेवायची पद्धत होती. जॉबरला दाखवायला. नाहीतर तो मानत नसे. कोंडीरामने मुरंब्याची एक रिकामी बरणी घरून आणली आणि ते पट्टे मिठाच्या पाण्यात ठेवायला लागला. प्रत्येकाला दोरा बांधून तारखेची चिठ्ठी लावली. सात पट्टे जमल्यावर तो मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"मॅडम, गाठ वरच अडकलीय."

मॅडम कागदांत बुडालेल्या होत्या. त्यांनी डोकं वर न करता विचारलं, "कधीपासून?"

"पैल्यापासून."

"बरं झालं सांगितलंत. मी फोन करते."

कोंडीराम खूश होऊन परत गेला. मॅडमनी खरंच फोन केला. वर, ऑपरेशनच्या खोलीत. गाठीचे नमुने वरच अडकून पडतात आणि खाली उशिरा येतात, म्हणूनच प्रोटीन खराब होत असेल, असा त्यांचा समज झाला. वरच्या सर्जनबाईंनी सगळं वेळेवर जातं म्हणून सांगितलं. मॅडमनी पत्र लिहिलं. सर्जनबाईंनी उलट पत्र लिहिलं. दोन विभागांत असा काही पत्रव्यवहार जुंपला की वरची माणसं कँटीनमध्ये खालच्यांकडे पाठ करून बसायला लागली. यात तीन आठवडे गेले आणि सत्त्याऐंशीचा जानेवारी संपला.

दरम्यान कोंडीराम रोज वाट बघत होता. एक दिवस त्याने पुन्हा धीर केला. "मॅडम, त्या गाठीचं काय झालं?"

"काय होणार?" मॅडम वैतागून म्हणाल्या. "वरचे म्हणतात गाठ आमच्याकडे अडकत नाही."

"वरच्यांना काय ठाव? गाठ तर माझ्या बरणीत हाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. इस्पितळातल्या माणसाची गाठ मुरंब्याच्या बरणीत, हे ऐकून रामदास जागच्या जागी उठून उभा राहिला. कोंडीराम बरणी घेऊन आला, एक पट्टा काढला, उजेडात धरला आणि बोटाने दाखवलं. "ते वर नाय मॅडम. हे वर. जेलच्या वर. गाठी धरल्यात. खाली उतरतच नाय तर कागदावर येणार कुठनं?"

मॅडमनी पट्टा हातात घेतला. मग दुसरा, मग तिसरा. चिठ्ठ्या वाचल्या. सात तारखा, सातही पापुद्र्याचे नमुने. त्यांनी पट्टे पुन्हा पहिल्यापासून उजेडात धरून बघायला सुरुवात केली, तेव्हा कोंडीरामला वाटलं, बरणीवरूनही मेमो येतो की काय.

"गाठी का धरतील?" शेवटी त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी रामदासला नाही, कोंडीरामला विचारला.

"तुमी एकदम उकळत्यात टाकता म्हणून," कोंडीराम म्हणाला. आता त्याला अडवणारं कुणी नव्हतं. "आमची खळ पण अशीच. उकळत्यात घातली की गोळा. कोमटात ठेवा, वेळ द्या. मनगटावर टाकलं तर चटका बसता नये, एवढंच गरम."

"पण पुस्तकात उकळायला सांगितलंय, मामा," रामदास म्हणाला.

"पुस्तकवाल्याची खळ येगळी असंल."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. पापुद्र्यात रुतलेलं प्रोटीन पाण्याला बुजतं, तेलासारखं. आयुष्यभर ज्या चिकट पापुद्र्यात ते दडून राहिलं तिथून ओढून काढून एकदम उकळलं, तर ते आपापसांत बिलगून गोळा होईल, यात अशक्य काय होतं? त्यांना स्वतःचाच राग आला, आणि तो त्यांनी मोठ्याने बोलून दाखवला. "चार महिने मी नुसती उकळतेय, कोंडीराम. आणि ठपका तुमच्यावर."

चौथ्या बाटलीत एकाच कागदापुरती अँटिबॉडी उरली होती. ती मोठ्या साहेबांना विचारल्याशिवाय वापरायची नाही असा हुकूम होता. मॅडमनी विचारलं नाही. एकच नमुना त्यांनी दोन नळ्यांत वाटला. एक नेहमीप्रमाणे पाच मिनिटं उकळला. दुसरा कोंडीरामच्या मनगटाच्या हिशोबाने, जो रामदासच्या थर्मामीटरवर सदतीस अंश भरला, अर्धा तास कोमट ठेवला. नळी मधूनमधून हलवायचं काम कोंडीरामने मागून घेतलं. डावीकडे उकळलेला, उजवीकडे कोमट, दोन्ही एकाच जेलवर, एकाच कागदावर, एकाच अँटिबॉडीखाली. म्हणजे रेघ कुठेच आली नाही तर अँटिबॉडी खरंच मेलेली, आणि कोंडीराम गमरेचा हात खराब. सुटायला दुसरी वाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंग टाकायची वेळ आली. तो मॅडमनी स्वतः टाकला. कागद ठेवलेली बशी हलवत राहायची असते. पहिलं मिनिट गेलं. कागद पांढरा. कोंडीराम बघत नव्हता, तो नळाकडे तोंड करून उभा होता.

"मामा," रामदास म्हणाला. "मामा, इकडे या."

उजवीकडे तपकिरी रेघ उमटत होती. आधी धूसर, मग ठळक, जिथे यायला हवी होती नेमकी तिथे. डावीकडे काहीच नाही, नुसता पांढरा कागद. एकाच अँटिबॉडीने उजवीकडे आपला माणूस ओळखून मनगट धरलं होतं, आणि डावीकडे तो माणूस गेटातून आतच आला नव्हता. कोंडीरामने रेघ बघितली आणि तो खाली, ओल्या फरशीवर, बसला. रडायची त्याला लाज वाटली नाही. शैला मॅडमही त्याच्या शेजारी फरशीवर बसल्या, साडीची पर्वा न करता, आणि म्हणाल्या, "मी तुमची माफी मागते, कोंडीराम. मला तेव्हाच बोलायला हवं होतं." रामदास तोवर जिन्याने वर धावला होता, सर्जनबाईंना सांगायला की गाठ सापडली. पळत जाताना त्याने हा निरोप चार मजल्यांवर दिला, त्यामुळे कुणाची गाठ हरवली होती यावर वरच्या परिचारिकांत दोन दिवस चर्चा चालली.

पुढे बरंच झालं. अँटिबॉडी चांगली आहे हे सिद्ध झाल्यावर नवे ससे आले, नव्या बाटल्या भरल्या, आणि त्या पद्धतीने पुढच्या वर्षांत शेकडो गाठींची तपासणी झाली. मार्चच्या यादीत कोंडीराम कायम झाला. तो निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही त्या प्रयोगशाळेत पापुद्र्याचा नमुना कोमट ठेवण्याला कोंडीराम करणं असंच म्हणत. नवीन मुली एकमेकींना विचारत, "सॅम्पल कोंडीराम केलंस का गं?" आणि त्यातल्या काहींना हे माणसाचं नाव आहे हे ठाऊकच नव्हतं. कोंडीराम जवळून जाताना ऐकायचा आणि मिशीत हसायचा.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मोठे साहेब खाली आले. त्यांनी कागद उलटसुलट बघितला, चष्मा काढला, पुन्हा घातला. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला चुकायची सवय नव्हती. त्यांनी फाईलमधून मेमोची प्रत मागवली आणि कोंडीरामपुढे धरली.

"हा मी मागे घेतो. फाडून टाक."

कोंडीराम उठून उभा राहिला. त्याने पँटीला हात पुसले. "फाडू नका साहेब."

"का?"

"फाडल्यावर तुमी लिवलंवतं तेवढं लोकांच्या ध्यानात राहील. खोडलंवतं ते कुणालाच कळणार नाय. त्याच्याच खाली लिवा. आणि मराठीत लिवा, वरचं मला वाचता आलं नव्हतं."

साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी आपलं पेन पुढे केलं. साहेब टेबलाशी बसले आणि शाळेत लिहितात तसं सावकाश, सुटं सुटं लिहायला लागले. लिहून झाल्यावर कागद कोंडीरामकडे दिला. सातवी पास झालेला माणूस, त्याने ओठ हलवत वाचलं. अँटिबॉडी पूर्णपणे चांगल्या स्थितीत आहे. श्री. कोंडीराम गमरे यांनी ती सांभाळली. त्यांच्या कामात दोष नाही.

त्याने एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि कागद परत टेबलावर ठेवला.

"एक शब्द चुकलाय साहेब," तो म्हणाला. "कामात नाय. हातात."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या हातांकडे. त्यांनी 'कामात' खोडलं, वर 'हातात' लिहिलं, आणि खाली सही केली.